आठही दिवे लागले

त्याला सगळे ओळंबा म्हणत. नेटवर्कच्या केबल टाकणाऱ्या माणसाला हे नाव पडलं ते त्याच्या कामामुळे. छताच्या पोकळीत, जिथे पुन्हा कुणी डोकावणारही नाही, तिथेही त्याच्या केबल गवंड्याने ओळंबा सोडून आखल्यासारख्या सरळ जात. विजेच्या तारांपासून हातभर लांब, वळणावर सैल, दोन्ही टोकांना नावाची चिठ्ठी. दुसऱ्या कुणी करकचून आवळलेली केबल दिसली की म्हणायचा, "गळा दाबलाय का तिचा?" असल्या माणसाबरोबर संसार करणं सोपं नव्हतं. बायकोने तो केलाच, वर त्याच्या हाताखाली कामही शिकली. खोलीतलं टोक तो जोडायचा, सगळ्या केबल जिथे एकत्र येतात त्या यंत्रांच्या कपाटातलं ती.

केबलच्या आत आठ रंगांच्या आठ तारा असतात. त्यांचा क्रम त्याने तिच्याकडून घोकून घेतला होता. तोच क्रम का, हे विचारलं तर उत्तर एकच, "मी सांगतो म्हणून." नवऱ्यांचा हा आजार जुनाच आहे.

मग त्याचे डोळे अधू होत गेले. हिरवा आणि निळा त्याला सारखेच दिसू लागले. दोन्ही टोकं जुळली की तपासणी यंत्राचे आठ दिवे ओळीने लागत. एकदा ते उलटसुलट लागले आणि ती बोलून गेली, "अहो, तुमच्या टोकाला चुकलंय." त्याने पक्कड भिरकावली. "आता तू मला शिकवणार?" दोन दिवस घरात अबोला होता.

पुढच्या वेळी दिवे चुकले तेव्हा तिने तोंड उघडलं नाही. आपलंच टोक सोडलं आणि हिरवी-निळी त्याच्यासारखीच उलटी बसवली. आठही दिवे ओळीने लागले. "बघ, एका फटक्यात!" तो शिडीवरून ओरडला. तिला बरं वाटलं. त्याची चूक तिने पोटात घातली, आणि मग घालतच गेली.

रुग्णालयाचे नवे मजलेही त्यांनी असेच पुरे केले. एका सकाळी बंद दाराच्या खोलीतले एक आजोबा गेले. उशाशी यंत्र कोकलत होतं, पण नर्सच्या टेबलावरच्या पडद्यावर त्यांच्या हृदयाची रेघच येत नव्हती. ओळंब्याला बोलावणं गेलं. त्याने सॉकेट उघडून तिच्यापुढे धरलं. "रंग वाच."

तिने वाचले. निळ्याच्या जागी हिरवी होती. त्याचा चेहरा उतरला.

"माझंच चुकलं. पण मग तपासणी यंत्राने चूक कशी पकडली नाही?" तो पुटपुटला. "तुझं टोक बघू."

तिला खोटं बोलता आलं असतं, त्याला कुठे दिसत होतं! पण भिंतीपलीकडे आजोबांची सून रडत होती. "माझंही तसंच आहे," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी जुळवून घेत गेले. दिवे तर नीट लागत होते ना?"

"दिवे लागणारच. तार तुटली नाही, एवढंच कळतं त्यातनं." तो भिंतीला टेकून खाली बसला. "त्या तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात गं. हिरवी-निळी उलटली की जोडी मोडते, मग केबल चालते, चालते आणि कामाचा ताण आला की मध्येच दगा देते. हे मी तुला कधी सांगितलंच नाही."

त्याचा तिला भयंकर राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. इतकी वर्षं दोघांनी एकमेकांना सांभाळलं होतं, आणि त्यात एक माणूस गेला होता.

"अजून कुठे कुठे केलंस?"

"रक्तपेढीत. अग्निशमन केंद्रात." तिने छताकडे बघितलं. "वर, लहान मुलांच्या वॉर्डात."

तो उठला. दोन पावलं चालला आणि जिन्यापाशी थांबला.

"तू हो पुढे, पळ," तो म्हणाला. "त्यांना सांग, पडद्यावर भरवसा ठेवू नका, मुलांपाशी माणसं बसवा. मला पायऱ्या दिसत नाहीत."