शनिवारी आणलेला रंग

सर्व संबंधितांना कळवण्यात येते की, नाशिक रोडच्या आमच्या नव्या फ्लॅटमधल्या कोणत्याही भिंतीत, कोणत्याही कारणाने, एकही खिळा ठोकला जाणार नाही. हुकूम आमच्या बायकोचा. जुन्या घरात मी हातोडी उचलली की खिळा वाकायचा, गिलावा पडायचा आणि भोक झाकायला कॅलेंडर लागायचं. एकाच वर्षाची सात कॅलेंडरं आमच्या भिंतींवर होती.

माझी अडचण अशी की नव्वदच्या दशकात मी हौशी रंगभूमी गाजवली होती. निदान आमच्या कॉलनीपुरती. राजा, वकील, दोनदा प्रेत. त्या भूमिकांचे अकरा फोटो ट्रंकेत पडून होते आणि मला ते हॉलमध्ये हवे होते.

"खिळ्याशिवाय लागत असतील तर लावा," बायको म्हणाली. "नाहीतर परत ट्रंकेत."

तेव्हा मला लोहचुंबक चिकटणाऱ्या रंगाचा शोध लागला. भिंतीला आधी तो द्यायचा, वरून आपला नेहमीचा रंग. दुकानदाराने मुंबईहून डबा मागवून दिला. शनिवारी दुपारी तो घेऊन मी दारात उभा राहिलो आणि पल्लेदार आवाजात सांगितलं, "यात लोखंडाचा चुरा आहे."

आतून आई म्हणाली, "शनिवारी लोखंड घरात आणू नये."

"अगं, रंग आहे हा."

"आत्ता तूच लोखंड म्हणालास."

डबा जिन्यात चपलांच्या स्टँडशेजारी बसला. त्यातलं लोखंडही तळाशी जाऊन बसलं.

रविवारी नांदगावकडचे रंगारीमामा आले. त्यांनी काम उरकलं तेव्हा मी बाजारात चुंबकं घेत होतो. सोमवारी वरचा क्रीम रंग वाळल्यावर मी सगळ्यांना बोलावलं आणि राजाला डोळ्यांच्या उंचीवर लावलं. राजा पडला. वकील पडला. प्रेतं तर सवयीनेच पडली.

"मामा, डबा ढवळला होतात ना?"

"वरवर ढवळला की. तळाला लय गाळ होता, साहेब. टाकायचा कशाला, म्हणून खालच्या पट्ट्यात संपवला."

बायको ट्रंकेचं झाकण उघडू लागली. मी घाईने गुडघ्यांवर बसलो आणि राजाला जमिनीपासून हातभर उंचीवर टेकवलं. खट्. चिकटला. मग अकराही जण एका रांगेत.

"हॉलमध्ये आहेत आणि खिळा नाही," बायको हसू दाबत म्हणाली. "राहू देत." पुढे येणारे पाहुणे दाराबाहेर चपला काढायला वाकले की आपोआप समोरच्या राजाला मुजरा व्हायचा.

आई माझ्या एकाही प्रयोगाला आली नव्हती. देवळातली संध्याकाळची आरती तिने कधी चुकवली नाही. मंगळवारी ती नेहमीसारखी त्याच भिंतीपाशी जमिनीवर मेथी निवडायला बसली. फोटो बरोबर तिच्या डोळ्यांसमोर. हातात जुडी तशीच धरून, सरकत सरकत, तिने अकराही फोटो पाहिले आणि माझ्याकडे वळून बोलून गेली,

"म्हणजे तू खरंच नाटकात होतास? इतकी वर्षं मी समजत होते, पत्ते कुटायला जातोस."