मंडई ते हिंजवडी, अडखळत

समस्त अकोलेकरांना, विशेषतः आमच्या चहाच्या कट्ट्यावर बसून ‘पुण्यात काय काय पाहिलं?’ असं विचारणाऱ्या मंडळींना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखक तीन दिवस पुण्यात राहून सुखरूप परतला असून त्याने तिथे एकही किल्ला, एकही देऊळ आणि एकही संग्रहालय पाहिलेले नाही. त्याने एका पिकअपचे (पुढे दोघातिघांना बसायला जागा आणि मागे मालासाठी उघडा हौदा असलेली गाडी) इंजिन पाहिले. वरून पाहिले, बाजूने पाहिले आणि एकदा तर रस्त्यावर आडवे होऊन खालूनही पाहिले. या विषयावर सदर लेखक आता अधिकारवाणीने बोलू शकतो. ऐका.

स्टेशनवर मला न्यायला माझे साडू मुकुंदराव ती पिकअप घेऊनच आले होते. मुकुंदराव म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरकारी कचेरीत तीस वर्षं इतरांच्या कागदांतल्या चुका काढून ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांनी ही जुनी गाडी घेतली. मंडईतून भाजी भरायची आणि हिंजवडीच्या होस्टेलांच्या मेसना पोचवायची, असा त्यांचा नवा उद्योग.

“घरी बसून काय करू?” ते म्हणाले. “पेपरातल्या चुका तरी किती दिवस काढणार?”

पहिल्याच उड्डाणपुलाच्या चढावर मला गाडीचा स्वभाव कळला. मुकुंदराव पाय दाबत. गाडी क्षणभर विचारात पडे. जणू अर्ज वर पाठवलाय आणि साहेबांची सही यायचीय. मग एक गचका, पुन्हा विचार, पुन्हा गचका. माझी मान तेवढ्यात चारदा ‘हो’ म्हणाली.

“ही नेहमी असंच करते?”

“फक्त चढावर,” ते तुटकपणे म्हणाले. “आणि माल भरलेला असला की जास्त.”

घरी मुकुंदरावांच्या पत्नी सुमनताईंनी चहाबरोबरच निकालही पुढे ठेवला. ताई मूळच्या आमच्या अकोल्याच्या, त्यामुळे पुण्यात इतकी वर्षं काढूनही बोलणं सरळ. “दिगंबरराव, मागच्या आठवड्यात हे हायवेवर मध्येच थांबले. मागून कंपनीची बस. ती कशीबशी वळली म्हणून हे आज तुमच्यासमोर बसलेत. मला हे पुन्हा नको. उद्या संध्याकाळी कोथरूडचे एक गृहस्थ गाडी बघायला येताहेत. गाडीतच खोट असेल तर गाडी जाणार. दुसरं काही कारण असेल तर राहील. पण कारण मला नीट कळलं पाहिजे. ‘होईल ठीक’ चालणार नाही.”

नंतर मुकुंदराव गॅलरीत माझ्याशेजारी उभं राहून रस्त्याकडे बघत म्हणाले, “गाडी गेली तर सकाळी पाचला उठायचं कशासाठी, सांगा?” मी त्यांचा चहा बशीत ओतून दिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही मंडईजवळच्या एका गॅरेजात. तिथला मेकॅनिक स्वच्छ टी-शर्टातला. त्याने गाडीला एक वायर जोडली आणि हातातल्या स्कॅनरकडे डॉक्टरसारखं बघितलं.

“काही नाही काका.”

“काही नाही म्हणजे?”

“एकही कोड नाही.” (गाडीतल्या छोट्या संगणकाला बिघाड दिसला की तो आकड्यांत तक्रार नोंदवतो. ती तक्रार म्हणजे कोड.) “सिस्टीम एकदम ओके आहे.”

“मग अडखळते का?”

“स्कॅनरप्रमाणे अडखळत नाहीये.”

“वा!” मुकुंदराव म्हणाले. “मग मी गाडी घरी ठेवतो आणि भाजी तुमच्या स्कॅनरवरून पाठवतो.”

तो बिचारा हसला. “डिझेल फिल्टर?”

“नवा.”

“एअर फिल्टर खोलून बघू का एकदा?”

“तोही नवा. महिन्यापूर्वी मी स्वतः बसवलाय. नवी वस्तू खोलून बघायची आमच्याकडे पद्धत नाही.”

प्रकरण तिथेच निकाली निघालं. मंडईत आम्ही कोबी, गाजर आणि मटार भरले. निघताना गाडीने पहिला गचका दिला तशी एक भाजीवाली मावशी ओरडली, “काका, आधी तिला चहा पाजा!”

विद्यापीठाच्या चौकापर्यंत बरं चाललं होतं. औंधच्या पुढे चढ आला आणि आमचा वेग सायकलीला लाज आणेल इतका झाला. मागे आयटीवाल्यांच्या बसेसची रांग आणि हॉर्नचं सामुदायिक गायन. एक तरुण स्कूटर शेजारी घेऊन म्हणाला, “अंकल, सेकंडमध्ये टाका ना, सिंपल आहे!”

“आपण व्हा पुढे,” मुकुंदराव काच खाली करून म्हणाले. “आम्ही निसर्ग बघतोय.”

समोर एका बिल्डरचा फलक होता.

पुढच्या गचक्याला मागची फळी निसटली आणि तीन कोबी हिंजवडीची वाट न बघता रस्त्यावर उतरले. मी चालत्या गाडीतून उतरलो. त्यात शौर्य काही नव्हतं, गाडीच इतकी हळू होती. दोन कोबी हाती लागले. तिसरा बसच्या चाकाखाली जाऊन कोशिंबीर झाला.

हिंजवडीत मेस चालवणाऱ्या कांताबाई कंबरेवर हात ठेवून दारातच उभ्या होत्या. बाई वर्ध्याच्या. “मुकुंदकाका, हे काय टाइम झाला का? आज पोरं वरणावर भागवतील. उद्या मलेच खातील!” मग माझ्याकडे वळून, “आन् तुम्ही कोनते गावचे?”

“अकोला.”

“मंग आधी सांगाचं ना बाप्पा! बसा, पाटोडीचा रस्सा हाये.”

घरापासून इतक्या दूर, काचेच्या उंच इमारतींच्या सावलीत, स्टीलच्या ताटात आपला बेसनाच्या वड्यांचा झणझणीत पाटोडीचा रस्सा! डोळ्यांत पाणी आलं. निम्मं तिखटाचं होतं. मुकुंदराव एक घास खाऊन अर्धा तांब्या पाणी प्यायले आणि म्हणाले, “छान सौम्य आहे.”

कांताबाईंनीच आम्हाला जुन्या गावठाणातल्या बाळूनानांकडे पाठवलं. इमारती व्हायच्या आधी इथले लोक शेती करत आणि नाना ट्रॅक्टर दुरुस्त करत. लिंबाच्या झाडाखाली त्यांचं गॅरेज. स्कॅनर वगैरे काही नाही. नाना आधी खाटेवर बसले आणि गाडीला हात न लावता विचारत राहिले.

“गार आसताना आडती का गरम?”

“दोन्ही वेळा.”

“रिकामी का भरल्याली?”

“भरलेली. चढावर.”

“म्हंजे जवा जोर लागतो तवाच. जोराला दोनच गोष्टी लागत्यात. डिझेल आन् हवा. डिझेलचं काय?”

“नवा फिल्टर.”

“हवंचं?”

“नवा,” मुकुंदराव म्हणाले. पण या वेळी आवाज किंचित खाली गेला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या फायली वाचलेल्या माणसाला स्वतःची फाईल उघडायला निघाली की कळतं.

नाना उठले. इंजिनाकडे जाणारी हवेची जाड नळी त्यांनी फिल्टरच्या डब्यापासून मोकळी केली. “आता ही हवा फिल्टर सोडून घेईल. घडीभरच हां. मारा रेस.”

मी आत बसून पाय दाबला. गाडी अशी डरकाळली की झाडावरचे कावळे उडाले. अर्ज नाही, साहेब नाही, सही नाही.

“मंग दुखनं डब्यात हाय,” नाना म्हणाले आणि त्यांनी चापे काढून डबा उघडला.

आत नवा फिल्टर होता, यात शंका नाही. पण त्याला जुन्या धोतराचं एकपदरी नव्हे, चांगलं दुपदरी फडकं गुंडाळलं होतं आणि पांढऱ्या दोऱ्याने नीट शिवल्यासारखं बांधलं होतं. महिनाभराची धूळ खाऊन त्याची घोंगडी झाली होती.

आम्ही दोघांनी मुकुंदरावांकडे पाहिलं.

“नवा फिल्टर धुळीने खराब होतो,” अखेर मुकुंदराव म्हणाले. “म्हणून म्हटलं, आधी गाळून घ्यावी.”

“काय गाळून?” मी विचारलं.

“हवा.” मग जरा चिडून, “अहो, घरच्या नळाला तीस वर्षं फडकं बांधतोय मी. आजवर एक कण ग्लासात आला नाही.”

नाना हसले नाहीत. ते आमच्याकडे पाठ करून हात धुवायला गेले आणि त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते.

“पण कोड का नाही आला?” मी विचारलं.

“कशाला यील?” नाना हात पुसत म्हणाले. “कॉम्पुटरला काय ठावं, बाहेर धोतर हाय का डोंगर? त्येनं बघितलं, हवा कमी येतीया. मंग त्येनंबी डिझेल कमी सोडलं. तक्रार केली न्हाई, भागवून घेतलं. तुमच्या घरातच वाढलेली दिसती गाडी.”

फडकं निघालं, डबा बंद झाला. रिकामी गाडी पळते, हे काही नवल नव्हतं. म्हणून नानांनी हौद्यात विटा भरायला लावल्या आणि स्वतः शेजारी बसून गाडी चढावर नेली. गाडी सरसर चढली. मुकुंदरावांच्या चेहऱ्यावर शाळा सुटल्याचा आनंद होता. विटा उतरवून परत फिरेपर्यंत तो टिकला. मग त्यांना घर आठवलं.

“ताईंना काय सांगणार?” मी विचारलं.

“दुकानदाराने खराब फिल्टर दिला.”

“म्हणजे खोट गाडीतच. संध्याकाळी गाडी कोथरूडला.”

दोन सिग्नल मागे पडले. “उंदीर?”

“उंदीर इतकी सुबक गाठ मारतो?”

त्यांनी मला हसू दिलं नाही. आणि मंडळी, तिथे, संध्याकाळच्या गर्दीत, मला पुण्याचं एकमेव प्रेक्षणीय स्थळ दिसलं: स्टिअरिंग घट्ट धरलेला, साठी उलटलेला एक माणूस, ज्याने आयुष्यभर ‘चूक’ हा शब्द फक्त दुसऱ्याच्या कागदावर लिहिला होता. किल्ले चढायला सोपे असतात. पायऱ्या असतात त्यांना.

घरी कोथरूडचे गृहस्थ आधीच येऊन बसले होते. समोर पोहे. सुमनताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. मुकुंदरावांनी चपला नीट एका ओळीत ठेवल्या, खिशातून ते काळं फडकं काढलं, टीपॉयवर पोह्यांच्या शेजारी ठेवलं आणि घसा साफ केला.

“गाडीत काहीही खोट नाही. ती विकायची नाही. फिल्टरला हे मी बांधलं होतं. चूक माझी होती.”

पाहुण्यांचा चमचा हवेतच थांबला. ताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, धावत येऊन त्यांच्या कपाळाला हात लावला आणि साऱ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, “अगं बाई, दिगंबरराव, डॉक्टरांना फोन करा!”