परत जाणाऱ्यांची रांग

त्रिलोकेकर सर आमच्या ओपीडीत पहिल्यांदा आले, तेव्हा रांगेकडे पाठ करून बसले. मी परळच्या एका हॉस्पिटलात ओपीडीची मुख्य सिस्टर. माटुंग्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेले संख्याशास्त्राचे प्राध्यापक आमची रांग सुधारायला येणार, तेही फुकटात, एवढंच वरून कळलं होतं. आणि हे गृहस्थ तर फाटकाकडे तोंड करून बाकावर ढिम्म! मनात म्हटलं, झालं, आणखी एक रिकामटेकडा आमच्या राशीला आला.

दुपारी मी चहा नेऊन दिला आणि न राहवून म्हटलं, "सर, रांग तुमच्या मागे आहे."

"रांगेतली माणसं तुम्हाला दिसतातच हो, सिस्टर. रांग बघून जी परत जातात ना, ती मी बघतोय. ती कुणाच्याच हिशेबात येत नाहीत."

गणपतीच्या रांगा बघत लालबागात वाढलेल्या मला रांगेचं काय कौतुक! पण रांगेचंही गणित असतं, हे मला सरांकडून कळलं. तीन खिडक्यांपुढच्या तीन रांगा मोडून त्यांनी एकच केली. जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढच्यानं जायचं. "आमचीच रांग हलत नाय" ही रोजची कटकट बंद झाली. मग त्यांनी एक टेबल मुद्दाम मोकळं ठेवायला सांगितलं. तिथे एक सिस्टर बसवायची, परत निघालेल्यांना थांबवून विचारायला. आमचे व्यवस्थापक भडकले. "बाहेर एवढी गर्दी आणि ही बाई रिकामी बसणार? रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी!"

"लावू दे की," सर म्हणाले. "ज्या गावात न्हाव्याला क्षणाची उसंत नाही, त्या गावात दाढ्या वाढतच जातात. माणसं काही वेळ ठरवून आजारी पडत नाहीत. सगळे हात सतत कामाला जुंपलेत, तर रांग फुगतच राहणार. हे माझं मत नाही, गणित आहे." व्यवस्थापकांनी कपाळाला आठ्या घालून परवानगी दिली, तीही तात्पुरती.

सर तसे कडकच. लोक सकाळी बाटल्या नाहीतर चपला ठेवून नंबर धरायचे आणि चहाला जायचे. सर त्या बाटल्या उचलून भिंतीशी नीट मांडून ठेवत. "बाटलीला दुखत नाही हो. ज्याला दुखतंय त्यानं उभं राहावं." वशिल्याचा तर त्यांना मनस्वी तिटकारा होता.

एकदा मी सहज विचारलं, घरी कोण कोण असतं? सर गिरगावात एकटेच राहत. "सुमन होती," ते म्हणाले. "छातीत गाठ लागली म्हणून दाखवायला गेली. रांग बघून परत आली. म्हणाली, उद्या जाईन. मग रोजच उद्या. आणि मी इकडे वर्गात रांगांचं गणित शिकवत होतो." एवढं बोलून त्यांनी पुन्हा फाटकाकडे तोंड वळवलं.

एका सोमवारी वरळी कोळीवाड्यातली मासळीवाली हिराबाई फाटकातूनच मागे फिरली. टेबलावरची सिस्टर नेमकी रजेवर. सर उठून तिच्यामागे धावले, त्यांच्यामागे मी. बाई काही ऐकेना. "गाठ हाय, बाबा, पन दुखत नाय. पाटी तिकडं बाजारात ठेवून आलेय. म्हावरं नासलं तर काय करू? उद्या येते."

उद्या म्हटल्यावर सरांचा चेहराच उतरला. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "सर, मी हिला मधेच घुसवते."

"आणि मागे उभे आहेत त्यांचं काय?" मग ते हिराबाईला म्हणाले, "तुम्ही म्हावरं विकून या. तुमचा नंबर मी धरतो."

आणि ते खरोखरच रांगेत जाऊन उभे राहिले. मी खुर्ची नेली तर म्हणाले, "बाटलीला खुर्ची कशाला?" खिडकी आली तरी बाईचा पत्ता नव्हता. "तुम्ही व्हा पुढे," म्हणत ते मागच्या एकेकाला पुढे सोडू लागले. दुपार कलली. डॉक्टर उठायच्या बेतात होते. आता काही ही येत नाही, असं मी मनाशी धरलं. सरांकडे बघवत नव्हतं. तेवढ्यात हिराबाई घामाघूम होऊन आली, रिकामी पाटी बगलेत मारून. "बाबा, तुमी अजून उभंच?"

सरांनी तिला खिडकीपाशी नेलं, नाव सांगायला लावलं. ती डॉक्टरांकडे आत गेली आणि हा कडक म्हातारा बाकावर बसून ओक्साबोक्शी रडला. मीही रडले.

गाठ वेळेवर सापडली होती. हिराबाई बरी झाली. ते टेबल हलवायची भाषा पुन्हा कुणी केली नाही.

सर गेल्या वर्षी गेले. दहाव्याला बाणगंगेवर आम्ही मोजकीच माणसं होतो. सरांचा पुतण्या, त्याचे दोन मित्र, मी आणि मी निरोप दिला म्हणून आलेली हिराबाई. पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. पुतण्या सारखा घड्याळ बघू लागला. गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून उरकून घेऊ या का?" पुतण्या मान डोलावणार, तेवढ्यात हिराबाई पदर खोचून पुढे झाली.

"तुमाला घाई असंल तर तुमी जावा," ती म्हणाली. "मी हाय हितं उभी."

पुतण्यानं घड्याळ बाहीखाली सारलं. आम्ही सगळेच थांबलो.