हाताचं वजन

मुक्ता पाच वर्षांची झाली, अजून बसत नाही. थेरपिस्टबाई तिच्या पाठीखाली तळहात सरकवतात आणि नुसत्या थांबतात. दाबत नाहीत, चोळत नाहीत. जरा वेळाने मुक्ताच्या आवळलेल्या मुठी आपोआप सुटतात.

"आज तुम्ही ठेवा हात," त्या मला म्हणाल्या. मी ठेवला. मुठी पुन्हा वळल्या.

"हात जड पडतोय, ताई. तिच्याकडे काही मागू नका. नुसता ठेवा."

याच हातांनी मी तिला तेल लावलं, भरवलं, नवसाचे दोरे बांधले. आणि दर वेळी मागितलंच, मान धर, बस, एकदा आई म्हण. काही न मागता पोटच्या पोरीला हात कसा लावतात, मला खरंच माहीत नाही.

मी हात काढून घेतला. मुक्ताच्या मुठी सुटल्या.