म्हातारीचा आवाज

अमरावतीहून बडनेऱ्याला जाताना रस्त्याच्या अंगाला जैनुद्दीन मिस्त्रीचं सायलेन्सरचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, चार पत्रे, एक कडुनिंब आणि मागं गंजक्या नळ्यांचा ढीग. गाडीचं बाकीचं कामही त्याला येत होतं, पण तो करत नसे. "इंजिनचं दुखनं दुसऱ्याले दाखवा जी, मी फक्त तोंड बंद करतो," असं सांगून मोकळा व्हायचा. ट्रक असो, ट्रॅक्टर असो, नाही तर एखाद्या वकिलाची जुनी जीप असो, ती दुकानात बोंबलत यायची आणि मुकाट बाहेर पडायची.

काम संपलं की त्याची एक ठरलेली रीत होती. इंजिन चालू ठेवायचं, स्वतः नळीच्या तोंडाशी उभं राहायचं आणि अगदी हळू आवाजात गिऱ्हाइकाला विचारायचं, "चहा घेता का?" गिऱ्हाईक "हो" म्हणालं तर काम पास. "आँ? काय म्हन्ता?" म्हणालं की चहा राहिला बाजूला, नळी पुन्हा खाली उतरायची. मग गिऱ्हाइकानं कितीही म्हणू द्या, चालते चाचा, जाऊ द्या. जैनुचाचा जाऊ देत नसे.

एवढी चीड कशापायी, तर त्याचं लहानपण धामणगाव रेल्वेला कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून गेलेलं. हंगामात यंत्रं दिवसभर धडधडत. घरात बाप ओरडून बोले, माय ओरडून बोले, 'जेवून घे रे बेटा' हेसुद्धा भांडण काढल्यासारखं ऐकू येई. लग्न झाल्यावर शकीलाला त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "अपने घर में धीरे बोलेंगे." ती बिचारी आधीच हळू बोलणारी. त्यांच्या घरातलं भांडणसुद्धा शेजाऱ्यांना कधी कळलं नाही, याचा त्याला फार अभिमान होता.

आता असल्या माणसाकडे बुलेटवाली पोरं कशाला मरायला येत असतील? पण येत. अडत्याचा किशोर तर महिन्याआड येई. बुलेटच्या नळीतली जाळी काढून द्या, फटफट आवाज निघाला पाहिजे, असा त्याचा हट्ट. जैनुचाचा हातातलं कामही खाली ठेवत नसे. "आवाज पायजे असन त बँडवाल्याकडे जाय. मी आवाज इकत नाई." किशोर हसत हसत निघून जाई आणि पुन्हा येई.

हे सगळं दोन हजार सहा-सातच्या सुमाराचं. वऱ्हाडात तेव्हा कापसानं सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. पेपर उघडायला नको वाटे. घरची गडीमाणसं कामाला पुण्या-सुरतेकडे गेलेली, आणि मागं राहिलेल्या बाया दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जात. पूर्वी सून वेचायला गेली की सासू लेकरू सांभाळी. आता सासूही कमरेला वेचणीची ओटी बांधून सुनेच्या मागं निघाली. मग तान्ह्या लेकरांनी जावं कुठं? ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बाभळीला बांधलेल्या झोळीत, मुंग्यांच्या आणि उन्हाच्या हवाली.

हे सत्यवतीबाईंना बघवलं नाही. बाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, अंगानं काडी, पण जिद्दीच्या. अकोल्याला जठारपेठेतल्या एका शाळेनं मोडीत काढलेली जुनी डिझेल बस त्यांनी महिला मंडळाच्या नावानं उचलून आणली. पुढं लांब नाक असलेली, आता कुठंच दिसत नाही अशी गाडी. आतली बाकं काढली, वरच्या दांडीला लुगड्यांच्या झोळ्या टांगल्या आणि बसचं पाळणाघर केलं. सकाळी गावातली तान्ही लेकरं गोळा करायची, देवळापाशी सावलीत सांभाळायची, आणि दुपारी बस वावरावावरांतून फिरवायची, म्हणजे आयांना लेकरं पाजता येतील. चालवायला भगवंत, एसटीतून निवृत्त झालेला डायव्हर. खोकत, गुरगुरत चालणाऱ्या त्या गाडीला बायांनी नाव ठेवलं, म्हातारी.

ही म्हातारी एका सकाळी जैनुचाचाच्या कडुनिंबाखाली येऊन उभी राहिली.

"जैनुभाऊ," सत्यवतीबाई म्हणाल्या, "मायी तक्रार आवाजाची नाई. दुपारच्या फेरीत लेकरं लय झोपून राह्यली. बाया खूश हायेत, म्हन्तात बाईनं लेकराईले चांगली सवय लावली. पन मी उभा जलम लेकरं पाह्यली. लेकरू इतकं शहान्यावानी झोपत नाई. उठलं का ओकते. मले भेव वाटून राह्यलं."

जैनुचाचा सरळ बसपाशी गेला. भगवंताला इंजिन चालू ठेवायला सांगितलं, आत चढला, खिडक्या लावल्या आणि एका रिकाम्या झोळीखाली फरशीवर बसला. थोड्याच वेळात त्याचं डोकं जड झालं, कानशिलं ठणकू लागली. तो धडपडत खाली उतरला आणि कडुनिंबाला धरून उभा राहिला.

"बाई, ही झोप नाई," तो म्हणाला. "हा धूर हाय."

फरशीखाली नळीचा सांधा फुटला होता. वरच्या फळ्यांना फटी पडलेल्या, त्यातून धूर आत शिरायचा आणि थेट झोळ्यांखाली साचायचा. बंद पडलेली म्हातारी धक्क्याशिवाय सुरू होत नसे, आणि धक्का मारायला वावरात माणसं कुठून आणायची, म्हणून भगवंत दुपारभर इंजिन बंद करत नसे. म्हणजे लेकरं दुपारभर धूर पीत होती. "देवा, म्या हातानं केलं," एवढंच सत्यवतीबाई पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. डबा घेऊन आलेल्या शकीलानं त्यांना पाणी दिलं आणि जवळ बसून राहिली. लेकरांना डॉक्टरकडे दाखवलं, सगळी धडधाकट निघाली, तेव्हा कुठं बाईंच्या घशाखाली घास उतरला.

जैनुचाचानं बाकीची सगळी गिऱ्हाइकं परत पाठवली. फुटकी नळी उपटून काढली. फरशीच्या फटी पत्र्यानं बंद केल्या. नवी नळी मागच्या बाजूनं ट्रॅक्टरसारखी टपाच्याही वर नेली, म्हणजे धूर आभाळात जावा. ओलं पोतं नळीच्या तोंडात कोंबून, इंजिन चालवून, एकेका सांध्यावर तळहात फिरवून पाहिला. कुठं फुंकर लागली की पुन्हा वेल्डिंग. शेवटी स्वतः पुन्हा आत जाऊन बसला आणि बराच वेळ बसून हसत बाहेर आला.

इथं थांबला असता तर गोष्ट संपली होती. पण थांबेल तो जैनुद्दीन कसला. बाईंनी लेकरांच्या झोपेचं सांगितलं होतं, आवाजाचं कोणी सांगितलं नव्हतं. याच्या मनानं घेतलं की तान्ह्या लेकरांच्या गाडीनं असं गुरगुरावं, हे काही बरोबर नाही. त्यानं दोन कप्प्यांचा मोठा सायलेन्सर जीव लावून बनवला. आयुष्यात केलेलं सर्वांत चांगलं काम. जुना सायलेन्सर मागच्या ढिगात फेकला, नळीपाशी उभा राहिला आणि अगदी ओठातल्या ओठात म्हणाला, "चहा घेता का?" भगवंत स्टिअरिंगवरून म्हणाला, "साखर कमी." त्या दिवशी जैनुचाचा घरी गाणं गुणगुणत गेला.

आठवडाही झाला नसेल, भगवंत पुन्हा दारात. तोंड पाडून उभा. "चाचा, राग नका मानू. बाया म्हन्तात, थो पह्यलाच आवाज परत पायजे."

जैनुचाचाला वाटलं आपणच चुकीचं ऐकलं. मग त्याचा पारा चढला. "जिंदगीत आवाज वाढवून देल्ला नाई कोनाले. बायाईले म्हना, आवाज पायजे असन त हॉर्न वाजवा."

"तुमी एकडाव वावरात चाला," भगवंत म्हणाला. "मंग काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

तो गेला, तो भगवंताला खोटं पाडायलाच. दुपारी बस नाला ओलांडून वावराच्या धुऱ्याशी लागली. आपल्या कामाचा नमुना बघून जैनुचाचा मनात सुखावला. पाखरूसुद्धा उडालं नाही. पण वावरात कुणी मानही वर केली नाही. बाया लांब, पार पलीकडच्या टोकाला, कापसाच्या पऱ्हाटीत वाकलेल्या. आत लेकरं भुकेनं उठली, एक रडलं की दुसरं, मग सगळी. सत्यवतीबाई दोन काखांत दोन घेऊन येरझारा घालू लागल्या. भगवंतानं हाका मारल्या, वारा उलटा. त्यानं हॉर्न दाबला, तशी जी दोन-चार गप्प होती तीही दचकून किंचाळायला लागली. बायांना मात्र तो रस्त्यावरच्या कुठल्या तरी ट्रकचाच हॉर्न वाटला.

शेवटी एकीला दिसलं. मग बाया ओट्या सांभाळत पळत सुटल्या. वेचणी किलोवर, हात थांबला की मजुरी थांबली, त्यात मुकादम पाठीमागून ओरडतो आहे. माणिकबाई सर्वांत शेवटी पोचली. तिनं फवाऱ्याचं औषध लागलेले हात घाईघाईनं धुतले, लेकीला, पौर्णिमेला, पदराखाली घेतलं. पण लेकरू रडून रडून एवढं दमलं होतं की तोंड लावीना. आणि दूधही येईना. पुढच्या वावरातल्या बाया वाट बघत होत्या, बसला निघायचं होतं. माणिकबाईनं तसंच उपाशी लेकरू बाईंच्या हातात दिलं.

मग तिची नजर जैनुचाचाकडे गेली.

"तुमीच का थे मिस्त्री?" ती म्हणाली. "चाचा, धूर गेला, तुमचे उपकार हायेत, नाई म्हनत नाई. पन पह्यले कसं होतं, नाल्यापाशी म्हातारी गुरगुरली का मी हातातलं पऱ्हाटीच्या ओळीचं तास पुरं करो, हात धुवो, धुऱ्यावर येऊन बसो. थो आवाज आला का इकडे पान्हा फुटे, चोळी भिजून जाय. लेकरू हातात येवाच्या आंधी दूध तयार. आता तुमची गाडी चोरावानी येते."

पुण्याच्या माणसानं लाजून कान झाकले असते. जैनुचाचानं मान खाली घातली, ती लाजेनं नव्हे. रात्री जेवताना शकीलाला म्हणाला, "मेरी इतनी अच्छी चीज, और बच्चा भूका गया." शकीलानं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि तिच्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "अम्मा चिल्लाती थीं, इसलिए तुम खाने को आते थे ना?" जिनिंगच्या धडधडीवरून ओरडणारी आपली माय त्याला त्या रात्री फार आठवली, आणि डोळे भरून आले ते त्यानं लपवलेही नाहीत.

सकाळी तो मागच्या ढिगात शिरला. नळ्या उपसून उपसून म्हातारीचा जुना सायलेन्सर शोधून काढला. नवा मोठ्या आवाजाचा करणं सोपं होतं, पण आयांना कुठलाही आवाज नको होता, तोच हवा होता. गंजलेली भोकं बाहेरून पत्रा मारून बुजवली, आतल्या खिळखिळ्या जाळीला मात्र हात लावला नाही. नळीला फाटा काढून नव्याच्या बाजूला जुना बसवला. दोघांचा धूर टपावरूनच बाहेर पडेल असं केलं. फाट्यात एक झडप, आणि झडपेची दांडी भगवंताच्या हाताशी. दांडी वर, तर नवा सायलेन्सर, बस मुकी. दांडी खाली, तर जुना, म्हातारी गुरगुरणार.

पुन्हा आत बसून धूर तपासला. मग नळीपाशी उभा राहिला. दांडी वर असताना म्हणाला, "चहा घेता का?"

"हो," भगवंत म्हणाला.

दांडी खाली. "चहा घेता का?"

"आँ? काय म्हन्ता चाचा?"

"पास," जैनुचाचा म्हणाला. असं त्यानं उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच केलं.

त्या दुपारी तो पुन्हा बसमधून गेला. नाला आला तशी भगवंतानं दांडी खाली केली आणि म्हातारी खोकली, गुरगुरली. झोळ्यांतली लेकरं हललीसुद्धा नाहीत, त्यांना तो आवाज ओळखीचा होता. पलीकडच्या टोकाला पऱ्हाटीतून एक डोकं वर आलं, मग दुसरं, मग सगळी. कुणी पळालं नाही. बायांनी हातातलं तास पुरं केलं आणि चालत धुऱ्याकडे निघाल्या. बस लागली तेव्हा माणिकबाई हात धुऊन, पाय पसरून, बाभळीखाली बसलेली होती. तिची चोळी ओली झाली होती. भगवंतानं दांडी वर केली, सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत पौर्णिमेचं चुटूचुटू पिणं ऐकू येऊ लागलं. जैनुचाचा पाठ फिरवून नाल्याकडे बघत उभा राहिला.

ही गोष्ट अमरावतीत पसरायला किती वेळ लागतो? किशोर बुलेट घेऊन हजर झाला. या खेपेला त्याच्याकडे मुद्दा होता.

"चाचा, आता काय सांगान? बसचा आवाज त वाढवून देल्ला. मग मायाच गाडीचा काहून नाई?"

जैनुचाचानं पहिल्यांदाच हातातलं काम खाली ठेवलं. फडक्याला हात पुसले.

"देतो न करून. बस, एक सांग," तो हळूच म्हणाला. "तुही गाडी फटफटली का कोनाच्या लेकराचं पोट भरते?"

किशोरनं बुलेट चालू न करता, ढकलतच रस्त्यापर्यंत नेली.