माझी वाक्यं कापणारी

माझा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवाली जास्त गोड बोलायला लागली की मी तिच्या तोंडाकडे नाही, काट्याकडे बघते. त्यामुळे कोल्हापुरात वसतिगृहात असताना मी माझ्याच खोलीतल्या मुलीवर संशय घेतला, यात नवल काही नाही. लाज मात्र अजून वाटते.

वसतिगृहाचा पहिला मजला कॉलेजच्या टीव्ही गटातल्या मुलींचा होता. कपडे वाळत घालायच्या दोरीवर हिरवा पडदा, खाटांखाली स्टँड आणि वायरी. दर शनिवारी आमचा वीस मिनिटांचा कार्यक्रम मेसच्या भिंतीवर दाखवायचे. मी आजऱ्याची, तोंडाळ, म्हणून बातमीदार झाले. खोलीतली दुसरी हुपरीची. तिच्या घरी चांदीचे पैंजण करायचे, त्यामुळे बारीक कामाचा तिला कंटाळा नव्हता. आम्ही आणलेलं चित्रीकरण कापून जोडायचं काम तिचं. गटाचा नियम असा की बातमीदारानं त्या वेळी शेजारी बसायचं नाही. आपलं काय राहिलं नि काय गेलं, ते शनिवारी सगळ्यांबरोबरच कळायचं.

स्नेहसंमेलनाचं निवेदन कोण करणार, ते त्या महिन्यात ठरणार होतं. मला ते हवंच होतं. घरी तर मी आधीच सांगून मोकळी झाले होते. आणि हुपरीच्या पोरीनंही नाव दिलं होतं.

झालं, त्या दिवसापासून मी मोजायला लागले. मी चार मिनिटं बोलून यायची, पडद्यावर दीड मिनिट दिसायची. बाजारातली बातमी कापली, ग्रंथालयाची कापली. मी खोलीत शिरले की ती लॅपटॉप मिटायची. "काय करालीस?" म्हटलं की, "काय न्हाय, जेवलीस का?" चोराच्या मनात चांदणं, असं मी मनात म्हणायची आणि तिनंच घरून आणलेली चटणी भाकरीला लावून खायची.

मग कसबा बावड्याला ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेवर बातमी करायला गेलो. कॉलरला माईक, खिशात छोटा रेकॉर्डर. काम संपल्यावर रस्त्याकडेला रस प्यायला थांबलो आणि कॅमेरा धरणाऱ्या मुलीपुढे मी सगळं ओकले. "मुद्दाम कापती गं ती. सोताला निवेदन पायजे म्हणून. तोंडावर गोड नि आतनं कात्री. एका खोलीत ऱ्हायची लायकी न्हाय तिची." आणखीही बोलले, ते इथं लिहीत नाही. खोलीवर आल्यावर नेहमीप्रमाणे रेकॉर्डर आणि कॅमेऱ्याचं कार्ड तिच्या टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून ती गप्प. मला वाटलं, चोरी पकडली जाणार म्हणून घाबरली.

शनिवारी बावड्याची बातमी लागली. सलग, स्वच्छ, कुठेही धक्का नाही. मेसमधल्या मावशीसुद्धा हातातलं पातेलं धरून उभ्या राहिल्या. तिथंच आमचा गट चालवणाऱ्या सरांनी जाहीर केलं, निवेदन मी करणार. तिनं टाळ्या वाजवल्या, आणि त्यातही मला खोट दिसली.

सोमवारी सरांनी मला जुन्या बातम्यांतले तुकडे शोधायला संकलनाच्या संगणकावर बसवलं. लॅपटॉपवरचं सगळं काम ती शेवटी तिथंच साठवायची. तिथं माझ्या बातम्यांचा एक फोल्डर होता, त्यात आणखी एक, 'चुका' नावाचा. उघडला. मी नाक पुसतेय. मी सरपंचबाईंना दुसऱ्याच गावाच्या सरपंच करतेय. मी अडखळतेय, कागद बघतेय, 'अं अं' करतेय. महिनाभर तिनं माझं जे जे कापलं होतं ते सगळं तिथं होतं, आणि त्यात चांगलं एकही वाक्य नव्हतं. मी दीड मिनिट हुशार दिसत होते ते तिच्यामुळे.

शेवटची फाईल नुसत्या आवाजाची होती, बावड्याच्या दिवसाची. रसाच्या गाड्याची घंटा ऐकू आली, आणि मागोमाग माझा आवाज. रेकॉर्डर बंद करायला मी विसरले होते. ती फाईलही तिनं माझ्या बाकीच्या चुकांच्या ओळीतच ठेवली होती.

खोलीत गेले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, "तू ऐकलंस?"

"ऐकलं की. दोनदा ऐकलं." ती मान वर न करता म्हणाली. "पयल्यांदा वाटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलालीस."

मी माफी मागितली. तिनं "असू दे" म्हटलं.

स्नेहसंमेलनात निवेदन करताना मी दोनदा चुकले, एकदा तर पाहुण्यांचं नावच विसरले. पुढच्या शनिवारी मेसच्या भिंतीवर संमेलन दाखवलं, त्यात यातली एकही चूक नव्हती. तोवर तिनं खोली बदलून घेतली होती.