अण्णांच्या नावाचा कॉलम

अण्णा दर गुरुवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसायचे आणि मी कणीक मळत असताना मला आपला लेख वाचून दाखवायचे. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला जाणारी बाई, चौथी शिकलेली. पहिल्यांदा त्यांनी वाचायला सुरुवात केली तेव्हा मला वाटलं, घरात कुणी पाहुणा आलाय आणि अण्णा त्याच्याशी बोलतायत. मी वळून बघितलं, तर कुणीच नव्हतं. अण्णा चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुकाच सांगतंय गो. आयक."

मला लोकांसमोर बोलता येत नाही. लहानपणापासून असंच आहे. हे अण्णांना दोन दिवसांत कळलं असावं, कारण त्यांनी मला कधी "कसं वाटलं?" असं विचारलं नाही. ते माझ्या हातांकडे बघत वाचायचे. एखादं वाक्य मला कळलं नाही की माझा हात परातीत थांबायचा. मला ते ठाऊकही नव्हतं. अण्णा लगेच पेन काढायचे. "तुझ्या हातान सांगल्यान, हयसर गाडी अडाकली," असं म्हणत ते वाक्य खोडायचे. एकदा त्यांनी 'प्रशासकीय अनास्था' असं काहीतरी वाचलं आणि मी थांबले. त्यांनी तिथं लिहिलं, 'खिडकीवर माणूसच नाही.' शनिवारी पेपरात ते वाक्य छापून आलं तेव्हा मी ते बोट ठेवून स्वतः वाचलं. माझ्यामुळे बदललेलं वाक्य हजारो लोक वाचतायत, हे मी कुणाला सांगितलं नाही. पण मला फार बरं वाटलं होतं.

अण्णा मूळचे मालवणकडचे. विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात त्यांची नोकरी झाली. बायको लवकर गेली, मुलगी विद्या लग्न होऊन बोरीवलीला. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत घरोघर जाणारा एक छोटा साप्ताहिक पेपर आहे, त्यात ते वीसेक वर्षं 'नाक्यावरून' नावाचा कॉलम लिहीत होते. गटार, पाणी, शाळा, रेशन, असलेच विषय. वर त्यांचा फोटो असायचा, काळ्या मिशांचा. मी कामाला लागले तेव्हाच अण्णांचे केस पांढरे होते. मी एकदा फोटोकडे बघत उभी होते तर म्हणाले, "तो माझो धाकटो भाव. तो म्हातारो होणा नाय."

घरात ते मालवणी बोलायचे, लिहायचे शुद्ध. त्यांचं एक वाक्य मी शंभर वेळा तरी ऐकलं असेल. "लिवणाऱ्यान कोणाच्या पंगतीक बसा नये. एकदा बसलो की ताटातला वाखाणूक लागता." आणि ते तसं वागायचेही. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याने, ज्याला सगळे साहेब म्हणतात, दिवाळीला मिठाईचा मोठा डबा पाठवला होता. अण्णांनी तो न उघडता खाली वॉचमनला दिला. वॉचमन संध्याकाळी वर आला आणि म्हणाला, "अण्णा, काजूकतली लई भारी होती." अण्णा म्हणाले, "मग पुढच्या वेळी मत तू दे त्यांका."

असा माणूस कसा बदलला, हे मला एका दिवशी दिसलं नाही. हळूहळू दिसलं.

आमच्या चाळीजवळ पालिकेचा जुना दवाखाना आहे. बरीच वर्षं बंद पडलेला. तो परत सुरू करा म्हणून आमच्या शेजारच्या रंजनाने बायका गोळा केल्या होत्या. रंजना अंगणवाडीत मदतनीस. माझ्याच वयाची, पण माझ्या अगदी उलट. वॉर्ड ऑफिसात टेबलावर हात आपटून बोलायची. मला म्हणायची, "तू फक्त मोर्चात उभी राहा गं. बोलायला मी आहे ना." त्या जागेवर साहेबांना हॉल आणि दुकानं बांधायची होती, हे सगळ्या चाळीला माहीत होतं. त्याच सुमारास पेपराच्या मागच्या पानावर दर आठवड्याला साहेबांच्या फोटोची जाहिरात यायला लागली. आज वाढदिवस, उद्या शुभेच्छा, परवा आभार. आणि पेपराचे मालक अण्णांच्या घरी चहाला यायला लागले.

मी चहा नेऊन ठेवायचे. मालक गोड बोलायचे. "अण्णा, तुम्ही आमच्या पेपराची शान. फक्त जरा दुसरी बाजू पण येऊ द्या ना. हे मी मुद्दे आणलेत." असं म्हणून ते टाइप केलेला कागद टेबलावर ठेवायचे. अण्णा सुरुवातीला तो कागद बशीखाली ठेवून विसरून जायचे. मग एकदा मालक हसत म्हणाले, "नवीन पोरं फुकट लिहायला तयार आहेत हो. आम्हीच म्हणतो, अण्णा आहेत तोवर अण्णा." ते गेल्यावर अण्णांनी बशीखालचा कागद काढून वाचला. मग मला म्हणाले, "कॉलम बंद झालो की माणूस जितो असान मेलेलो, कमल."

त्यानंतर गुरुवारचं वाचन थांबलं. अण्णा खोलीत दार लावून लिहायचे. मी कणीक मळायचे, पोळ्या करायचे, निघून जायचे. काय लिहिलं हे मला शनिवारी कळायचं. दवाखाना जुना झालाय, लोक आता खाजगीत जातात, मग अडून बसण्यात काय अर्थ, असं काहीतरी त्यात असायचं. कितीतरी शब्द मला अडायचे. रंजना पेपर वाचून मला म्हणायची, "तुझ्या अण्णांना काय चावलं गं?" मी पेपराची घडी घालून ठेवायचे.

मी वाचनाला मुकले होते, म्हणून असेल, पण त्या दिवसांत मी अण्णांशी जरा जास्त बोलायला लागले होते. कामाच्या नादात, त्यांच्याकडे न बघता, चाळीतल्या गोष्टी सांगायचे. त्यातच एकदा रंजनाचं सांगितलं. अंगणवाडीत मुलांना वाढून झाल्यावर उरलेली खिचडी रंजना डब्यात घालून आणायची. चाळीच्या शेवटच्या खोलीत गणपतबाबा आहेत, आंधळे, त्यांचं कुणी नाही. त्यांना ती खिचडी भरवायची. कुणी बघू नये म्हणून डबा ओढणीखाली धरायची. नियमात बसत नाही ना. मी सांगितलं ते कौतुकानेच सांगितलं.

दोन-तीन आठवड्यांनी एका गुरुवारी अण्णा परत स्टूल घेऊन दारात आले. "कमल, ऐक," म्हणाले. ऐक म्हणाले, आयक नाही. मला इतका आनंद झाला होता की ते तेव्हा लक्षात आलं नाही.

ते वाचायला लागले. लेखात दवाखान्यासाठी ओरडणाऱ्या एका बाईबद्दल होतं. तिच्यामागे विरोधी पक्षाचे लोक आहेत, असं होतं. आणि मग आलं, 'लोकांच्या आरोग्याची एवढी काळजी असलेल्या या ताईंनी एकदा सांगावं, अंगणवाडीतल्या लेकरांच्या तोंडची खिचडी ओढणीखालच्या डब्यातून कुणाच्या घरी जाते?'

मला कळलं. मला ते वाक्य पूर्ण कळलं, आणि तरी माझा हात थांबायला हवा होता. मी तो थांबू दिला नाही. थांबला असता तर अण्णांनी बघितलं असतं, मग मला तोंडाने काहीतरी बोलावं लागलं असतं. आणि इतक्या महिन्यांनी ते मला वाचून दाखवत होते. नाव तर छापलेलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. मी कणीक रगडत राहिले. अण्णा शेवटपर्यंत वाचत गेले, मध्ये कुठंही अडले नाहीत. कागदाची घडी घालून ते म्हणाले, "झालं. जाऊ दे मग." आवाज मोकळा झाल्यासारखा वाटला. त्यांना वाटलं असेल, मी पास केलं.

नाव नसलं तरी चाळीत कुणाला कळायचं राहिलं नाही. अंगणवाडीच्या कार्यालयातून चौकशी आली. रंजनाने गणपतबाबांचं सांगितलं, पण पेपरात छापून आलेल्यापुढे कुणी ते धरलं नाही, आणि तिला घरी बसवलं. पोरांच्या आया तिला जाता-येता ऐकवायच्या, "काय ताई, आज डब्यात काय?" दवाखान्याच्या मीटिंगला आधी चाळीस बायका यायच्या, मग सहा, मग रंजना एकटी. गणपतबाबा दारात बसून विचारायचे, "रंजी का येत नाही?" मी त्यांना भाकरी द्यायला लागले. ते म्हणाले, "तुझा आवाज नाही येत. कोण आहेस तू?"

ही सगळी हकीकत अण्णांच्या कानावर गेली. त्यांनी एक दिवस मला समोर बसवलं. त्यांच्याकडे कामाला लागल्यापासून मी पहिल्यांदाच त्यांच्या घरात खुर्चीवर बसले होते.

"त्या दिवशी तुझो हात थांबाक नाय," ते म्हणाले. "कित्या गो?"

मी पदराला लागलेली सुकी कणीक खरवडत राहिले.

"मी तुकाच कित्या इचारतंय," ते म्हणाले. "पहिल्या कागदावर म्हातारो होतो. आंधळो गणपत, सगळा लिवलेला. मग काडलंय. मालकान सांगूक नव्हता हां. मियाच काडलंय."

त्याच दिवशी त्यांनी खुलासा लिहिला. 'डबा आंधळ्या गणपतबाबांसाठी होता, हे मला माझ्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, मी ते लपवलं, मी रंजनाताईंची माफी मागतो.' खाली सही, तारीख. मालक म्हणाले, पुढच्या आठवड्यात टाकू. पुढच्या शनिवारी कॉलम आला. फोटो अण्णांचा, नाव अण्णांचं, पण लेख भलताच. हॉल किती गरजेचा आहे यावर. अण्णांनी फोन लावला. "हा मी लिहिलेला नाही," ते शुद्ध भाषेत ओरडत होते. पलीकडून मालक शांतपणे सांगत होते, ते मलाही ऐकू आलं. "अण्णा, तुमची तब्येत बरी नाही. तुम्ही आराम करा. आम्ही सांभाळतो ना तुमचं नाव."

त्यानंतर दर शनिवारी तसंच. अण्णांनी खरोखरच अंथरूण धरलं, आणि गादीवर पडून ते स्वतःचा कॉलम वाचायचे. विद्याताई बोरीवलीहून येऊन राहिल्या होत्या. त्यांनी पेपर बंद करू का विचारलं, तर म्हणाले, "नको. मी काय म्हणतंय ता बघूक होया माका."

खुलाशाची एक प्रत त्यांनी मला दिली. "रंजनाक दी." मी ती घरी नेली आणि पेटीत साड्यांखाली ठेवली. कारण त्यात ती ओळ होती, स्वयंपाक करणाऱ्या बाईंची. रंजनाच्या हातात कागद पडला की तिला कळणार होतं, डब्याची गोष्ट कुठून गेली. आज देते, उद्या देते, असं दीड महिना झाला. अण्णांनी शेवटच्या दिवसांत विचारलं, "दिलंस?" मी मान हलवली. मग त्यांना दिसलं नसेल असं वाटून तोंडाने म्हणाले, "दिलं." त्यांनी डोळे मिटले. रविवारी दुपारी ते गेले.

पुढच्या बुधवारी साहेबांनी दवाखान्याच्या जागेवर नारळ फोडला. आणि शनिवारी 'नाक्यावरून' आला. त्याच काळ्या मिशा. लेखात लिहिलं होतं, 'परवा नारळ फुटताना मी गर्दीत उभा होतो आणि माझे डोळे भरून आले.'

अण्णांना जाऊन सहा दिवस झाले होते. मला खरंच वाटायला लागलं, की ते त्या गर्दीत असतील. पांढऱ्या केसांचे नाही, फोटोतले. मला भीती वाटली. मग मी पेटी उघडली.

रंजना दारातच तांदूळ निवडत होती. मी कागद तिच्यासमोर धरला. तिने सगळा वाचला. मग सुपात बघत म्हणाली, "डबा तू एकटीनेच बघितला होतास. मला पहिल्या दिवसापासून माहितीय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते." तिने एक खडा काढून बाहेर टाकला. "लई वेळ लावलास यार."

सोमवारी आम्ही दोघी अंगणवाडीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या मॅडमनी खुलासा वाचला आणि फाईलमधून पेपराची कात्रणं काढली. "हे बघा, याच्यानंतर त्यांचे आठ लेख आलेत. सगळे तुमच्या विरोधात. मग खुलासा खरा मानू की लेख? हा तर परवाचाच."

एरवी टेबल दणाणून सोडणारी रंजना त्या दिवशी भिंतीवरच्या पंख्याकडे बघत उभी होती.

"यातला नारळ बुधवारी फुटला," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू येईना. "अण्णा त्याच्या आधीच्या रविवारी गेले. मी तिथंच होते."

मॅडमनी लेख पुन्हा वाचला. मग माझ्याकडे बघितलं. "आणि या खुलाशातली ही स्वयंपाकाची बाई कोण?"

"मी."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. लिहायला मला एक तास लागला. रंजना शेजारी बसली होती, पण एक शब्द सांगितला नाही.

फाईल वर गेली आहे म्हणतात. रंजना अजून घरीच आहे. पेपरात आता अण्णांच्या नावाखाली बारीक अक्षरांत 'अप्रकाशित लिखाणातून' असं छापतात. कार्यालयातून परत येताना जिन्यावर रंजनाने मला विचारलं, "तुझे अण्णा माणूस म्हणून कसे होते गं?" मी 'चांगले होते' म्हणायला तोंड उघडलं, आणि समोर ती उभी होती. मला ते म्हणता आलं नाही. वाईट होते, असंही म्हणता आलं नाही. घरी आल्यावर मी ही वही काढली. दर शनिवारी तो फोटो काहीतरी बोलतो आणि लोकांना वाटतं, अण्णा बोलले. अण्णा असे बोलत नव्हते. ते कसे बोलत होते, हे आता विद्याताईंना आणि मला माहीत आहे, आणि विद्याताई लांब राहतात.